'घटक', 'कारक' की आणखी काही?

हर्णैवाली: वेळासला कासवांची पिल्लं बघायला येणाऱ्यांसाठी मराठी फलक लिहितेय. पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उबेवर ठरतं. ऊब जास्त तर माद्या जास्त. लालकानी कासवांवरच्या संशोधनात दिसलं की थंडाव्यात डीएमआरटी१ जनुक जागं होतं, आणि त्याचं प्रथिन अंड्यातल्या जिवाला नराच्या वाटेला लावतं. अशा प्रथिनाला, म्हणजे ट्रान्सक्रिप्शन फॅक्टरला, काय म्हणू? 'प्रतिलेखन घटक' लिहिलं, तर शेजारच्या काकूंनी विचारलं, "म्हणजे अंड्यात काय काय असतं ते ना?"

बाणकोटकर: काकूंचं बरोबर आहे. घटक म्हणजे मिश्रणातला जिन्नस. हे प्रथिन डीएनएवर नेमक्या जागी बसून दुसरी जनुकं चालू किंवा बंद करतं. करतो तो कारक.

दापोलीचे गुरुजी: कारक व्याकरणात आधीच अडकलाय. दहावीच्या पुस्तकात 'प्रतिलेखन' आहे, म्हणजे जनुकावरून आरएनएची नक्कल उतरवणं; मुलांच्या तोंडी बसलंय. त्याला धरून 'प्रतिलेखन-नियामक' करा.

खाडीपलीकडचा: आंब्याच्या बागेत मुकादम स्वतः झाडावर चढत नाही, कुठलं झाड उतरवायचं ते सांगतो. 'जनुक-मुकादम' लिहा, गावात सगळ्यांना कळेल.

दापोलीचे गुरुजी: मुकादम अरबीतून आलेला. शास्त्राची परिभाषा संस्कृतातून घडावी.

खाडीपलीकडचा: गुरुजी, हापूस हे नावही पोर्तुगीजांकडून आलंय. कोकणात कुणाला परकं वाटतं?

बाणकोटकर: माझी अडचण वेगळी. मुकादम म्हटलं की एकटाच सगळं ठरवतो असं वाटतं. टीबीएक्स५ हे असंच एक प्रथिन घ्या. कोंबडीच्या पिल्लात पंख फुटतो तिथे ते लागतं, पाय फुटतो तिथे टीबीएक्स४. पण तेच टीबीएक्स५ हृदयाच्या घडणीतही लागतं. माणसात त्याचं जनुक बिघडलं तर हात आणि हृदय दोन्हींत दोष येतो. कुठल्या पेशीत, कुठल्या सोबत्यांबरोबर आहे, त्यावर त्याचं काम ठरतं.

कुडाळची माई: कोंबडीचं निघालं म्हणून सांगते, आमच्याकडे ती अंडी उबवूक 'रवणाक' बसता. आणि गो हर्णैवाली, फलकावर 'भ्रूण' नको, 'गाभ' लिही. गर्भाचाच गाभ झाला. गाभण त्यातलंच, गाबोळीही त्यातलीच असणार.

दापोलीचे गुरुजी: गाभ आईच्या पोटातला. वाळूतल्या अंड्यात भ्रूणच.

कुडाळची माई: आणि गाबोळी? ती अंडीच ना?

हर्णैवाली: माई, गाबोळी माशाच्या पोटातलीच. पण गुरुजी, 'नियामक' काकूंना कळेल?

खाडीपलीकडचा: रवण म्हणजे बसणं की खालची अंडी? आमच्याकडे कोंबडी 'खुडूक' होते एवढंच म्हणतात.