माहितीपट आणि विनोदी चित्रपट एकाच संध्याकाळी: जोडी कशी लावायची, आधी काय दाखवायचं?

शेवटची_रांग

मंडळी, सोसायटीच्या सभागृहात महिन्यातून एका रविवारी सिनेमा दाखवायचं ठरलं आहे. 60 खुर्च्या, फरशी, खिडक्यांना पडदे, पण दाराच्या काचेतून जिन्यातला उजेड आत येतो. प्रोजेक्टर आणि दोन स्पीकर भाड्याने मिळतील. वेळ साडेसहा ते दहा.

विनोदी चित्रपट लावला तर सगळे येणार, याची खात्री आहे. माहितीपट म्हटलं की लोक म्हणतात, "ते पूर्वी पिक्चरच्या आधी लावायचे तेच ना?" म्हणून दोन्ही एकाच संध्याकाळी दाखवावेत असं डोक्यात आहे. आधी काय ठेवू? माहितीपट नंतर ठेवला तर कोणी थांबणार नाही असं वाटतं. पण आधी गंभीर काही दाखवलं तर पुढे लोक मोकळेपणाने हसतील का? आणि दोन्हींचा विषय जुळवण्यात काही अर्थ आहे, की उगाच अट्टाहास? प्रेक्षक आठ वर्षांपासून ऐंशीपर्यंतचे आहेत.

रीळबदल

विषय जुळवाच. नाहीतर आधीचा माहितीपट हा विनोदी चित्रपटाचा टोल नाका होतो. लोक तो भरतात आणि विसरतात.

माझ्या मते मराठी प्रेक्षकांसाठी सगळ्यात सोपी जोडी म्हणजे फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (2008) आणि परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (2009). पहिला माहितीपट आहे, पण अनेक विनोदी चित्रपटांपेक्षा जास्त हसवतो. मालेगावात शेख नासिर आणि त्यांची मंडळी स्वतःचा सुपरमॅन बनवताहेत. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक हाच सुपरमॅन. क्रेन नाही म्हणून बैलगाडी, ट्रॉली नाही म्हणून सायकल, उडण्याच्या दृश्यासाठी मागे हिरवं कापड. दुसऱ्यात दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र' (1913) उभा करताहेत, तोही तसाच घरची माणसं आणि घरच्या वस्तू कामाला लावून.

या जोडीतला एक दुवा प्रेक्षकांना सांगू नका, त्यांचा त्यांना सापडू द्या. फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळेना, शेवटी ती भूमिका अण्णा साळुंके या पुरुषाने केली. मालेगावातही स्थानिक बाई कॅमेऱ्यासमोर येत नाही, नटी बाहेरगावाहून आणावी लागते. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं गेली आहेत. हा धागा मध्यंतरात कोणीतरी आपण होऊन बोललं, की संध्याकाळ जमली म्हणून समजा.

मालेगाव आधी. साधारण तासाभराचा आहे, फॅक्टरी दीड तासाच्या थोडी वर. मध्ये वीस मिनिटं चहाची धरलीत तरी साडेसहा ते दहात आरामात बसतं. आणि "गंभीर बघून लोक हसतील का" हा प्रश्नच उरत नाही, कारण हसणं माहितीपटापासूनच सुरू होतं.

हे हसू येतं कुठून तेही बघण्यासारखं आहे. नासिर काहीही विनोदी बोलत नाहीत. ते पूर्ण गंभीरपणे आपलं काम करतात, आणि त्यांचं वाक्य संपल्यावरही कॅमेरा क्षणभर तिथेच थांबतो. तो थांबला नसता तर नुसती माहिती मिळाली असती. तिथे निवेदकाने "बघा किती गंमत" अशा सुरात एक वाक्य टाकलं असतं, तर आपण त्या माणसांना हसायला लागलो असतो. विनोदी चित्रपटातही हेच गणित: वाक्य बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किती वेळ राहायचं, यावर हशा ठरतो. त्यामुळे हे दोन प्रकार एकमेकांपासून लांब आहेत असं मला कधीच वाटलेलं नाही. वाईट माहितीपट आणि वाईट विनोदी चित्रपट यांचा दोषसुद्धा एकच: दोघांनाही प्रेक्षकाला समजलं की नाही याची घाई असते.

दुसरी जोडी जरा जड, पण मुंबईकरांनी बघावीच अशी. आनंद पटवर्धनांचा 'हमारा शहर' (1985) आणि कुंदन शहांचा 'जाने भी दो यारो' (1983). शहर एक, वर्षंही जवळजवळ तीच. एकात झोपड्या पाडल्या जाताहेत आणि शहर स्वच्छ कसं राहील यावर प्रतिष्ठित मंडळी मुलाखती देताहेत. दुसऱ्यात बिल्डर, महापालिका आयुक्त आणि कोसळलेला पूल. इथे माहितीपट आधीच हवा. खरी माणसं आधी पाहिली की मग आयुक्त डिमेलोच्या प्रत्येक वाक्याला वेगळंच हसू येतं. उलट क्रम लावू नका. 'जाने भी दो यारो'चा शेवट, कैद्यांच्या कपड्यात रस्त्यावरून चालणारी ती दोघं, पाहिल्यावर आणखी सव्वा तास कोणी खुर्चीत बसणार नाही.

'हमारा शहर'मध्ये एक जागा आहे. बेघर झालेली एक बाई चित्रण करणाऱ्यांनाच फैलावर घेते: आमची चित्रं काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला त्याचं काय? दिग्दर्शकाने ते कापलेलं नाही. माहितीपटावर विश्वास का ठेवायचा, असं कोणी विचारलं तर मी हाच प्रसंग दाखवेन. पण आठ वर्षांच्या मुलांना घेऊन ही संध्याकाळ करू नका. शिवाय दोन्ही मिळून साडेतीन तासांच्या आसपास जातात, मध्यंतर वेगळं. सहाच्या आत सुरू केलं नाही तर दहाला संपणार नाही.

तिसरी_घंटा

रीळबदल यांच्या जोड्या छान आहेत, पण सोसायटीच्या पहिल्याच कार्यक्रमाला दोन पूर्ण लांबीचे सिनेमे म्हणजे जास्त होतंय. नऊ वाजले की आजी-आजोबा उठतात, त्यांच्यामागून मुलं असलेले, आणि शेवटच्या अर्ध्या तासाला समितीचे चार लोक उरतात. पहिले तीन-चार महिने छोटा माहितीपट आणि पूर्ण विनोदी चित्रपट असं करा.

छोट्या माहितीपटांसाठी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी माहितीपट संस्थेसारखी खाण नाही. लोकांच्या मनात त्या संस्थेची आठवण म्हणजे धरण, कालवा आणि खर्जातला निवेदक. तिथेच 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अगदी वात्रट कामं झाली आहेत. एस. एन. एस. शास्त्रींचा 'आय ॲम 20' (1967) वीसेक मिनिटांचा आहे. 1947 साली जन्मलेल्या तरुणांना देशाबद्दल विचारलं आहे. उत्तरं एकमेकांना अशी छेद देत जातात की निवेदकाची गरजच पडत नाही. प्रमोद पती यांचा 'अबिद' (1972) पाच-सहा मिनिटांचा. चित्रकार आबिद सुरती यांची हालचाल एकेक फ्रेम थांबवून टिपली आहे, त्यामुळे माणूस कार्टूनसारखा खोलीभर सरकतो. मुलं खिदळतात. पतींचाच 'एक्सप्लोरर' (1968) मात्र जपून लावा. त्यात प्रतिमा फार वेगाने लुकलुकतात. फिट येणारं कोणी प्रेक्षकांत असू शकतं, म्हणून आधी सूचना द्या, नाहीतर वगळा.

हवं तर मधूनमधून जुनं काही सांगा. सावेदादा भाटवडेकरांनी 1899 मध्ये मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती चित्रित केली, म्हणजे आपल्याकडे गोष्टीच्या सिनेमाआधी माहितीपट आला. पण भाषण दोन मिनिटांच्या वर नको.

आता हशाबद्दल. हशा हा गर्दीचा प्रकार आहे. 60 खुर्च्यांत 25 माणसं विखरून बसली तर तोच सिनेमा थंड वाटतो. म्हणून खुर्च्या आधी 30 च मांडा, बाकीच्या भिंतीला लावून ठेवा आणि लोक येतील तशा मागे वाढवा. मधली वाट ठेवू नका, दोन्ही कडेने ठेवा. वाटेमुळे गर्दी दुभंगते आणि हशा अर्ध्यावरच थांबतो. पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी सगळे एकत्र हसले पाहिजेत. त्या वेळेत उशिरा येणारे दार उघडत राहिले तर ते होत नाही. छोटा माहितीपट आधी ठेवण्याचा खरा फायदा हाच: उशिरा येणाऱ्यांचा गोंधळ त्यात उरकतो. माहितीपटावर थोडा अन्याय होतो, कबूल. म्हणून तोच मध्यंतरात, चहा हातात असताना, परत एकदा लावा. सहा मिनिटांचा असेल तर लोक दुसऱ्यांदा आवडीने बघतात.

आणि 'अशी ही बनवाबनवी' (1988) कधीतरी लावायचाच असेल तर वेगळा दिवस ठेवा. त्याला जोडी नको. प्रेक्षक संवाद नटाच्या आधी म्हणतात, तो सिनेमा कमी आणि समूहगान जास्त.

साउंड_चेक

क्रमाचं जाणकारांनी सांगितलंच आहे. आता असे कार्यक्रम जिथे पडतात ते बघू.

पडदा 8 फूट रुंद, साडेचार फूट उंच पुरेल. भाड्याच्या बहुतेक प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी) 1.5 च्या आसपास असतो, म्हणजे प्रोजेक्टर पडद्यापासून 12 फुटांवर. ठरवण्याआधी मॉडेलचा आकडा विचारून 8 ने गुणा. प्रोजेक्टरचा प्रकाश 3,000 ल्युमेन असला तर अंधारात भरपूर झाला. तुमचा खरा शत्रू दाराची काच आहे. ती काळ्या कागदाने झाका, त्याने जो फरक पडेल तो दुप्पट भाड्याच्या प्रोजेक्टरनेही पडणार नाही. 'जाने भी दो यारो'सारख्या जुन्या चित्रपटात रात्रीची दृश्यं भरपूर आहेत. उजेड आला की ती राखाडी लगदा दिसतात.

फिल्म्स डिव्हिजनचे जुने माहितीपट 4:3 आकाराचे (रुंदी 4 तर उंची 3) आहेत. प्रोजेक्टर ते आपोआप ताणून रुंद करतो आणि सगळी माणसं बुटकी, जाडी होतात. सेटिंगमध्ये 'ॲस्पेक्ट' 4:3 किंवा 'ओरिजिनल' करा. साडेचार फूट उंचीला चित्र 6 फूट रुंद येईल, दोन्ही बाजूंना काळं राहील. कोणी "पडदा पूर्ण भरा की" म्हटलं तरी भरू नका.

आवाज. फरशीचं रिकामं सभागृह म्हणजे विहीर. 'जाने भी दो यारो'चा शेवटचा महाभारताचा प्रवेश घ्या: रंगमंचावर एकाच वेळी सात-आठ माणसं एकमेकांवर ओरडताहेत. घुमणाऱ्या खोलीत त्यातलं निम्मं कळत नाही आणि जिथे लोळायला हवं तिथे लोक शेजाऱ्याला "काय म्हणाला?" विचारतात. पुढच्या मोकळ्या जागेत आणि पडद्याखाली सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीला जाड चादरी टांगा. स्पीकर जमिनीवर ठेवू नका. स्टँडवर पाच-साडेपाच फुटांवर, तोंड मागच्या रांगेकडे. बेस कमी करा, जुन्या मोनो आवाजात खाली घरघरीशिवाय काही नसतं.

आवाजाची पातळी शेवटच्या खुर्चीत बसून ठरवा. खोली भरली की माणसांचे कपडे आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या खोलीत किंचित जास्त वाटेल इतका ठेवा. विनोदी चित्रपटाला त्याहून थोडा वर, कारण एका हशात पुढचं वाक्य बुडतं. माहितीपटाला मात्र तेवढ्यावर ठेवलात तर रस्त्यावर टिपलेला आवाज कर्कश होतो. दोन्हींच्या पातळ्या आधीच लिहून ठेवा.

ब्लूटूथ स्पीकर अजिबात नको. त्यात आवाज सेकंदाचा आठवा-पाचवा हिस्सा उशिरा येतो. बातम्यांना चालून जातं, विनोदाला नाही. थप्पड आधी दिसते, आवाज नंतर येतो, आणि प्रसंग मेला. लॅपटॉपमधून ऑडिओची वायर थेट मिक्सरला घ्या. तरीही मागेपुढे वाटलं तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जे आणि के या कळांनी आवाज 50-50 मिलिसेकंद सरकवता येतो. दार आपटण्याचा किंवा टाळीचा शॉट शोधून त्यावर जुळवा.

आता सबटायटल. तुमच्याकडे अमराठी शेजारी असतील, म्हणून इंग्रजी सबटायटल लागतील. ती बहुधा वाक्य सुरू होताच पूर्ण दिसतात. वाक्याच्या शेवटी असलेला विनोद लोक आधीच वाचून टाकतात, नट अजून अर्ध्यात असतो. मग वाचणारे आधी हसतात, ऐकणाऱ्यांचं वाक्य त्या हशात बुडतं. व्हीएलसीत एच दाबून सगळी सबटायटल 200-300 मिलिसेकंद उशिरा येतील अशी करा. बराच फरक पडतो. जास्त नीट हवं असेल तर सबटायटलची एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते. जिथे मोठा हशा आहे अशा पाच-दहा जागी एका ओळीचे दोन तुकडे करा: पहिल्याची वेळ नट थांबतो तिथे संपवा, दुसऱ्याची तिथूनच सुरू करा. फाइल साठवताना एन्कोडिंग (अक्षरं साठवण्याची पद्धत) यूटीएफ-8 निवडा. देवनागरी सबटायटल असतील तर हे चुकलं की पडद्यावर प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

मूकपट लावलात तर वेग तपासा. सेकंदाला 18 फ्रेमने टिपलेला सिनेमा 24 ने चालवला की तो एक तृतीयांश जास्त वेगाने पळतो. मग विनोद नटाचा उरत नाही, नुसती धावपळ दिसते.

शेवटची_रांग

भरपूर मिळालं, आभार. पहिल्या रविवारी 'आय ॲम 20' आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', मालेगाव तिसऱ्या महिन्यात, असं धरतो. एकच राहिलं: आम्ही तिकीट लावत नाही, मग परवानगी लागेल का? काही सिनेमे ओटीटीवर आहेत, तिथून थेट लावले तर?

रीळबदल

तिकीट नसलं तरी लागेल. ओटीटीची वर्गणी वैयक्तिक, घरगुती पाहण्यासाठी असते. सभागृहात जमवलेल्या प्रेक्षकांना दाखवणं म्हणजे सार्वजनिक प्रदर्शन. त्याला हक्कधारकाची लेखी परवानगी हवी, आणि सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपटाला सेन्सॉरचं प्रमाणपत्रही असावं लागतं.

फिल्म्स डिव्हिजन 2022 मध्ये एनएफडीसीत (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात) विलीन झालं, त्यामुळे त्या माहितीपटांसाठी आणि 'जाने भी दो यारो'साठी एकाच दारी अर्ज. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'साठी निर्मात्यांकडे, मालेगाव आणि 'हमारा शहर'साठी दिग्दर्शकांकडे विचारा. माहितीपटवाले सहसा स्वतः उत्तर देतात आणि छोट्या, बिनतिकीट खेळांना कमी मानधनात तयार होतात. मेलमध्ये तारीख, जागा, खुर्च्या, प्रवेश मोफत की नाही आणि एकच खेळ आहे हे पहिल्या चार ओळींत लिहा. महिनाभर आधी. आठवडा आधी विचारलंत तर नकार सुद्धा वेळेत येत नाही.

पुढे वर्षभर टिकलात तर फिल्म सोसायटी म्हणून नोंदणी करून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीजशी संलग्न व्हा. 1959 पासूनची संघटना आहे, मुंबईचं प्रभात चित्र मंडळ 1968 पासून याच पद्धतीने चाललंय.

परवानगीबरोबर फाइल मागा, लिंक नको. रविवारी संध्याकाळी सोसायटीचं वाय-फाय सगळ्यांच्या घरात चालू असतं.

साउंड_चेक

फाइल पेनड्राइव्हवर घेणार असाल तर तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. फॅट 32 वर 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि चांगल्या प्रतीचा सिनेमा त्याहून मोठाच असतो. पेनड्राइव्ह थेट प्रोजेक्टरला लावू नका, तिथे सबटायटल सरकवता येत नाहीत. लॅपटॉपवर उतरवून घ्या आणि शनिवारी शेवटची दहा मिनिटं चालवून बघा. सुरुवात सगळेच तपासतात, अर्धवट कॉपी झालेली फाइल शेवटी अडकते.