मागच्या अंगणात चार कोंबड्या: वास, उंदीर आणि शेजार

सुनेत्रा, सांगली:
आमच्या घरामागे बारा बाय पंधरा फुटांची जागा आहे. एक शेवगा आणि धुण्याचा दगड, बाकी काही नाही. चार महिन्यांपूर्वी सासूबाई गाव सोडून कायमच्या आमच्याकडे आल्या. गावी त्यांच्या वीसेक कोंबड्या होत्या. इथे पहाटे उठतात, मागचं दार उघडतात आणि नुसत्या उभ्या राहतात. मला बघवत नाही. त्यांच्यासाठी चार गावरान तलंगा (अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) आणायच्या आहेत. पण भिंतीपलीकडेच शेजारच्या काकूंची स्वयंपाकखोली आहे. त्या म्हणाल्या, "वास आला किंवा उंदीर झाले तर मी गप्प बसणार नाही." त्यांचं चुकतंय असंही नाही. कोंबडा ठेवावाच लागतो का? खुराडं कसं करावं?

शशिकांत, मिरज:
ताई, कोंबडा नको. अंडं द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, पिल्लं काढायची असतील तरच लागतो. तीन महिन्यांच्या पुढच्या घ्या, म्हणजे नर-मादी नीट ओळखता येते.

वास कोंबडीचा नसतो, ओल्या विष्ठेचा असतो. मी नऊ वर्षं पाळतोय. खाली चार बोटं भाताचं तूस पसरतो आणि दोन-तीन दिवसांनी खुरप्याने वरखाली करतो. पाणी सांडलं की त्याच जागी अमोनिया सुटतो, डोळ्यांना झोंबतो. म्हणून पाण्याचं भांडं विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवायचं. ओलं झालेलं तूस त्याच दिवशी काढायचं, पावसाळ्यात तर रोज बघायचं. काढलेलं तूस तीन-चार महिने कुजवून शेवग्याला घाला. ताजं घातलंत तर झाड करपेल.

उंदीर येतात ते सांडलेल्या दाण्यावर. एका कोंबडीला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाणं पुरतं. संध्याकाळी भांडं घरात न्यायचं, यात एक दिवसही सुट्टी नाही.

आणि जाळीत पैसे वाचवू नका. पहिल्या वर्षी मी साधी षटकोनी जाळी लावली होती, तीही जमिनीला टेकवून. भर दुपारी मी कामावर असताना मुंगूस खालून उकरून आत शिरलं. तीन गेल्या. चौथी कोपऱ्यात थरथरत होती, दोन दिवस तिने दाणा टिपला नाही. ती दुपार अजून माझ्या डोक्यातून जात नाही. आता अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी आहे, फूटभर जमिनीत पुरलेली.

निलोफर, कोल्हापूर:
शशिकांतदादांनी लशीचं सांगितलं नाही. राणीखेत (मानमोडी) हा कोंबड्यांचा साथीचा रोग आला की अख्खं खुराडं रिकामं होतं. त्यावरच्या लासोटा लशीची बाटली साधारण शंभर डोसांची असते आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून लस दिलेल्याच तलंगा घ्या. कुठली लस कधी दिली ते लिहून घ्या आणि तो कागद घेऊन सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. लसीकरणाचा दिवस कधी असतो ते तिथे कळेल.

अंड्यांचा हिशोबही आधीच करा. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते आणि मधेच खुडूक बसते, म्हणजे अंडी द्यायचं थांबवून उबवायला बसते. रोज अंडी हवी असतील तर गिरिराज किंवा वनराज या सुधारित जाती बघा. पण सासूबाईंना गावरानच हवी असेल तर तीच आणा.

सुनेत्रा, सांगली:
सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. मुंगसाचं ऐकून म्हणाल्या, "त्या पोराला सांग, माझ्यापण गेल्यात." मग एक भर घातली: राखेचा खड्डा हवाच. कोंबडी राखेत लोळली की अंगावरच्या उवा झडतात.

काकूंनाही बोलावून जागा दाखवली. त्यांची एकच अट आहे, खुराडं त्यांच्या भिंतीला लागून नको. ते शेवग्याकडे घेतलंय, त्यासाठी रविवारी धुण्याचा दगड हलवतोय. दादा, ती अर्ध्या इंचाची जाळी मिरजेत कुठल्या भागात मिळते?