राइट नुसता 'मागचा सूर' नव्हता

पिंक फ्लॉइड हा ब्रिटिश रॉक बँड म्हणजे वॉटर्सचे शब्द आणि गिलमोरची गिटार, कीबोर्डवादक राइट मागे बसून सूर भरायचा, असं एकाने लिहिलंय. साफ नामंजूर!

त्यांचा 'द डार्क साइड ऑफ द मून' (1973) हा अल्बम परत ऐका. 'अस अँड देम'ची चाल रिचर्ड राइटची. ती मुळात अँटोनिओनीच्या 'झॅब्रिस्की पॉइंट' या चित्रपटासाठी केली होती, पण दिग्दर्शकाने नाकारली. बरंच झालं म्हणायचं. 'द ग्रेट गिग इन द स्काय'चा पियानोही त्याचाच. त्यावर क्लेअर टॉरीने एका शब्दाविना जे गायलंय, त्याला तोड नाही. 'ब्रीद'मधला तो विचित्र, जॅझच्या वळणाचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) राइटने जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' अल्बमवरून उचलला, हे त्यानेच सांगितलंय. रॉक बँडमध्ये असा कान असलेला माणूस दुर्मीळच.

पुढे 'द वॉल' अल्बमच्या वेळी (1979) वॉटर्सशी बिनसलं आणि राइटला बँड सोडावा लागला. गंमत म्हणजे त्याच अल्बमच्या दौऱ्यात तो पगारी वादक म्हणून वाजवत होता. दौरा तोट्यात गेला, तोटा उरलेल्या तिघांच्या माथी आणि याचा पगार मात्र सुरक्षित!

'द डिव्हिजन बेल' हा अल्बम (1994) येईपर्यंत तो पुन्हा बँडमध्ये परतला होता. त्यातलं 'वेअरिंग द इनसाइड आउट' तो स्वतः गायलाय. आधी ते ऐका, मग बोलू.