बंद पडलेल्या सैनिकी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांना एकत्र कसं ठेवायचं?

जुना_रोलनंबर:

मंडळी, जरा सल्ला हवाय. आमची सैनिकी शाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली. निवासी शाळा होती, हाऊस, परेड, पहाटेची पीटी सगळं रीतसर, आता त्या आवारात दुसरंच काहीतरी चालू आहे. शाळा चालू असते तेव्हा माजी विद्यार्थी संघाचं अर्धं काम शाळाच करते, स्थापना दिन असतो, ऑफिसात जुनी रजिस्टरं असतात, दरवर्षी नवीन बॅच पास होऊन आपोआप यादीत पडते, आणि अगदीच काही नाही तर माणूस नुसता गेटवर जाऊन उभा राहिला तरी कोणीतरी ओळख देतं. आमच्याकडे यातलं काहीच उरलेलं नाही. जे काही आहे ते म्हणजे तीन-चार वॉट्सॲप ग्रुप, तिथे सकाळी गुड मॉर्निंग, दुपारी राजकारण आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी चिडून लेफ्ट. फेसबुकवर दोन ग्रुप आहेत आणि दोन्हीकडचे ॲडमिन एकमेकांशी बोलत नाहीत, का ते आता त्यांनाही आठवत नसावं.

सगळ्यात जुन्या बॅचची मंडळी ऐंशीच्या घरात आहेत, सगळ्यात धाकटे चाळिशीत आलेत. मधल्या कितीतरी जणांचा पत्ताच नाही. भेट ठरवली की तेच तेच चेहरे येतात. तर यादी कशी आणि कुठे ठेवायची, वेबसाइट काढावी का, संस्था रजिस्टर करावी का, आणि मुळात हे सगळं किती वर्षं चालणार आहे कारण पुढची बॅच तर येणारच नाहीये. कोणी असं काही केलं असेल तर सांगा प्लीज.

बिगुलवाला:

सर, आधी यादी. बाकी सगळं नंतर. वेबसाइटचा विषय तर आत्ता काढूच नका, उत्साहात वेबसाइट निघते, एक जण पदरचे पैसे भरत राहतो, तो कंटाळला की डोमेनचं रिन्यूअल राहतं आणि मग त्याच नावावर भलतीच जाहिरात दिसायला लागते.

यादी नावावरून करू नका, रोल नंबरवरून करा. एकाच नावाचे चार जण असतात, आडनाव कोणी कसं लिहितं कोणी कसं, पण स्वतःचा रोल नंबर विसरलेला कॅडेट मला अजून भेटायचाय. एक साधी स्प्रेडशीट, त्यात रोल नंबर, नाव, हाऊस, कोणत्या वर्षी आला, कोणत्या वर्षी गेला, फोन, ईमेल, आणि एक कॉलम 'शेवटचा संपर्क कधी झाला'. हा शेवटचा कॉलम सगळे विसरतात आणि मग पाच वर्षांनी कळतं की अर्धे नंबर बंद आहेत. प्रत्येक बॅचला एक माणूस नेमा, त्याने फक्त आपल्याच बॅचचे लोक शोधायचे. सगळी शाळा शोधायचं काम एका माणसावर टाकलं की तो दोन महिन्यांत थकतो, आपल्या वर्गातली पोरं शोधायला मात्र मजा येते.

शोधायचं कुठे? जुनी वार्षिक अंकं काढा, त्यात टीमचे फोटो आणि खाली ओळीने नावं छापलेली असतात. फौजेत गेलेले तसे लवकर सापडतात कारण रेजिमेंटच्या माजी सैनिकांचं आपसात बरं जाळं असतं. जे फौजेत गेले नाहीत ते हरवतात. त्यातल्या काहींना वाटतं की आपण अधिकारी झालो नाही म्हणजे शाळेच्या हिशोबात आपण नापास, म्हणून ते स्वतःहून येत नाहीत. ग्रुपवर सारखे फक्त मेडल आणि प्रमोशनचेच फोटो पडत असतील तर तेही एक कारण असू शकतं, बघा जरा.

आणि सगळा संसार एका ॲपवर मांडू नका. ऑर्कुट ही फेसबुकसारखी जुनी साइट २०१४ ला बंद झाली, याहू ग्रुप्स २०२० ला बंद झाले, आणि याहूवर तर कितीतरी माजी विद्यार्थ्यांच्या मेलिंग लिस्ट होत्या, ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं बाकीच्यांचं गेलं. वॉट्सॲप ग्रुपला १०२४ ची मर्यादा आहे आणि नंबर बदलला की माणूस गळाला. गप्पांसाठी वॉट्सॲप ठीक आहे पण ईमेलची यादी आपल्या हातात वेगळी हवी. ती शीट सगळ्यांना उघडी ठेवू नका हां, फोन नंबर बॅचच्या माणसाकडे आणि दोघा-तिघांकडेच राहू देत, नाहीतर विमा विकणारा एक तरी बॅचमेट निघतोच.

शेवटची_तुकडी:

मी आमच्या शाळेच्या शेवटच्या काही वर्षांतला. आमची शाळा वेगळी पण गोष्ट तीच. बिगुलवाला सरांनी लिहिलंय त्यात एक भर घालतो, कारण हा मुद्दा सीनियर लोकांच्या लक्षात येत नाही.

तुमच्यासाठी शाळा म्हणजे पासिंग आऊट, ट्रॉफी, बँड वगैरे. आमच्यासाठी शाळा म्हणजे अर्धी रिकामी बॅरॅक, एकेक शिक्षक सोडून चाललेले, मेसमध्ये कुजबूज, आणि एक दिवस घरी पत्र की पुढच्या वर्षासाठी दुसरीकडे ॲडमिशन बघा. आमच्यातले कित्येक तिथून पासच झाले नाहीत, दहावी-बारावी दुसऱ्या शाळेतून केली. मग माजी विद्यार्थी संघाच्या फॉर्मवर 'उत्तीर्ण वर्ष' असा रकाना आला की आम्ही काय लिहायचं? एका मित्राने तो फॉर्म तिथेच बंद केला आणि परत कधी उघडला नाही. म्हणून 'कधीपासून कधीपर्यंत होता' एवढंच विचारा. एक वर्ष राहिलेलाही तुमचाच.

आणि खरं सांगायचं तर तुम्हाला आमची गरज जास्त आहे. आम्हीच सगळ्यात लहान. तुमच्या कमिटीत सगळे साठीच्या पुढचे असतील तर ती कमिटी दहा-पंधरा वर्षांत आपोआप संपेल. सेक्रेटरी आणि खजिनदार ही दोन पदं शेवटच्या बॅचना द्या, अध्यक्ष कोणाला व्हायचंय त्याला होऊ द्या, हारतुरे त्याला. पण ही मंडळी मेसेजने येणार नाहीत. त्यांच्या मनात राग आहे, शाळा बुडत होती तेव्हा जुने लोक कुठे होते असं त्यांना वाटतं. फोन करा, एकेकाला, आणि आधी त्यांचं ऐकून घ्या.

ड्रिलचे उस्ताद, मेसची माणसं, शिक्षकांची आवारातच वाढलेली मुलं, हे सगळे पण घ्या यादीत. उस्तादांना तर सगळ्या बॅच माहीत असतात, एका माणसाकडून वीस जणांचा पत्ता लागतो.

जुनी_कपाटं:

वर दोघांनी माणसांबद्दल लिहिलंय, मी वस्तूंबद्दल लिहितो कारण बंद शाळेत माणसं ज्याभोवती जमतात ती वस्तूच असते. इमारत गेली की निशाण, ट्रॉफ्या, ऑनर बोर्ड, बँडची वाद्यं, वार्षिक अंकं हे कुठे आहे ते आधी शोधा. साधारण असं असतं की थोडं कोणा माजी प्राचार्यांच्या घरी, थोडं भंगारात, थोडं जागा घेणाऱ्याच्या गोडाऊनमध्ये. आणि गुणपत्रकं, दाखल्याचं रजिस्टर कोणत्या ऑफिसकडे गेलं तेही विचारून लिहून ठेवा, लोकांना पन्नाशीतही दाखला लागतो आणि 'तो कुठे मिळतो' हे सांगू शकणारा संघ लोकांना आपोआप जवळचा वाटतो. गाण्या-गप्पांपेक्षा या एका कामाने जास्त लोक जोडले जातात असं माझं मत.

बाहेरच्या देशांत काय झालं ते बघण्यासारखं आहे. अमेरिकेत अशा खाजगी मिलिटरी अकॅडमी खूप होत्या आणि त्यातल्या बऱ्याच बंद पडल्या, व्हिएतनाम युद्धाच्या काळात आणि नंतर मुलंच मिळेनात. व्हर्जिनियातली स्टॉन्टन मिलिटरी अकॅडमी १९७६ मध्ये बंद झाली, आवार शेजारच्या मेरी बाल्डविन कॉलेजने घेतलं. पुढे त्याच कॉलेजात १९९५ पासून मुलींचा कॅडेट कार्यक्रम सुरू झाला, आणि आज तिथे जुन्या अकॅडमीचं आणि या मुलींच्या कॅडेट कोअरचं मिळून एक म्युझियम आहे. म्हणजे जुन्या कॅडेटना परत जायला एक जागा मिळाली आणि तिथे गणवेशातली तरुण पोरंही दिसतात. मला हे फार आवडतं. टेनेसीतली कॅसल हाइट्स १९८६ ला बंद झाली तर तिची मुख्य इमारत आता लेबनन गावाची नगरपालिका आहे. मिसूरीतली केम्पर १८४४ ची, ती २००२ मध्ये बंद झाली, आणि त्याच राज्यातली वेंटवर्थ १८८० ची, ती २०१७ मध्ये. शंभर-दीडशे वर्षांच्या शाळा जातात, तेव्हा आपलीच गेली म्हणून कोणी मनाला लावून घेऊ नये.

अजून जुनं उदाहरण म्हणजे डब्लिनची रॉयल हायबर्नियन मिलिटरी स्कूल, १७६९ ची. आयर्लंड स्वतंत्र होताना ती तिथून हलवली आणि १९२४ मध्ये डोव्हरच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स रॉयल मिलिटरी स्कूलमध्ये विलीन केली. सांगायचा मुद्दा हा की जिवंत शाळेच्या आश्रयाला गेलं की नाव टिकतं. तुम्हीही जवळच्या एखाद्या चालू सैनिकी शाळेला विचारा, एक भिंत, एक कपाट, वर्षातून एका कॅडेटला तुमच्या शाळेच्या नावाची ट्रॉफी. एवढ्यावर खूप होतं.

फोटो स्कॅन करताना मोबाइलने खेचू नका, फ्लॅटबेड स्कॅनरवर (काचेवर फोटो पालथा ठेवतात तो) ६०० डीपीआयला, म्हणजे बारीक तपशील येईल असं करा, आणि फोटोतल्या लोकांची नावं त्याच दिवशी लिहा, नावं सांगू शकणारी माणसं जास्त दिवस नसतात. स्नेहसंमेलनाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट असतील तर त्या सगळ्यात आधी, टेप खराब होत जातेच आणि चालवायचं मशीनही मिळेनासं झालंय.

सावधान_विश्राम:

मी जरा उलटं बोलतो. हे सगळं वाचून छाती दडपली. कमिटी, खजिनदार, म्युझियम... अहो माणसांना भेटायचं असतं फक्त. आमच्या ग्रुपमध्ये संस्था रजिस्टर झाली त्या दिवसापासून भांडणं सुरू झाली, आधी कोणालाच पद नको होतं आणि नंतर सगळ्यांनाच हवं होतं. दरवर्षी एक ठरलेली तारीख ठेवा, उदाहरणार्थ स्थापना दिनाच्या जवळचा रविवार, येईल तो येईल. निमंत्रण नाही, आरएसव्हीपी नाही. तारीख कधीच बदलायची नाही हे महत्त्वाचं, मग बारा वर्षं न आलेला माणूसही तेराव्या वर्षी सरळ येऊन उभा राहू शकतो.

शेवटची_तुकडी:

सावधान सर, तारखेचं एकदम पटलं. पण पैसा जमा होणार असेल, समजा एखाद्या उस्तादांच्या ऑपरेशनसाठी, तर तो कोणाच्या वैयक्तिक खात्यात येऊ नये, तिथूनच वास यायला लागतो. पैसा नसेल तर रजिस्ट्रेशन नको, पैसा असेल तर हवंच. इतकं साधं आहे.

जुना_रोलनंबर:

सगळ्यांचे आभार. 'उत्तीर्ण वर्ष' रकाना आमच्याही फॉर्मवर आहे, आजच काढतोय. दोन फेसबुक ग्रुपचं काय करू ते मात्र अजून कळलेलं नाही. आणि शेवटी सगळे संपल्यावर काय, याचं उत्तर कोणी दिलं नाही (की मुद्दाम टाळलं? 😄).

बिगुलवाला:

फेसबुकचं सोपं आहे, दोन्ही राहू देत, यादी एकच ठेवा. ॲडमिनना समेट करायला लावाल तर तिसरा ग्रुप निघेल.

शेवटाचं मी टाळलं नाही, लांबलं होतं म्हणून थांबलो. बंद शाळेचा संघ कधीतरी संपणारच, ते संघाच्या घटनेतच, म्हणजे नियमावलीतच, लिहून टाका, म्हणजे सक्रिय सभासद अमुक संख्येच्या खाली गेले की शिल्लक पैसा कोणाला, निशाण कोणाला, स्कॅन केलेलं सगळं कोणत्या ग्रंथालयाला किंवा अभिलेखागाराला. आत्ताच त्यांच्याशी बोलून लेखी होकार घ्या, त्यांना काय चालतं काय नाही हेही कळेल, कारण सगळेच ट्रॉफ्या ठेवून घेत नाहीत, कागद आणि फोटो घेतात. पासवर्ड एकाकडे ठेवू नका. गूगलचं खातं दोन वर्षं वापरलं नाही तर कंपनी ते ड्राइव्हवरच्या फायलींसकट काढून टाकू शकते, आणि हे अशाच संघांच्या बाबतीत होतं जिथे ते खातं सांभाळणारा माणूस गेलेला असतो आणि बाकीच्यांना खातं होतं हेच माहीत नसतं. तीन जणांकडे पासवर्ड, त्यातला एक शेवटच्या बॅचचा, आणि वर्षातून एकदा त्या ठरलेल्या रविवारी तिघांनी लॉगिन करून बघायचं.

जुनी_कपाटं:

आणि यादीत दिवंगतांचं नाव खोडू नका. रोल नंबर तसाच ठेवायचा, पुढे फक्त तारीख.

जुना_रोलनंबर:

ठीक. या आठवड्यात सगळ्यात धाकट्या बॅचच्या दोघांना फोन लावतो. एकाचा नंबर आहे, दुसऱ्याचा उस्तादांकडून मिळतोय का बघतो.