विषय: जूनच्या मेळाव्यात झब्बू कुणाच्या घरच्या नियमाने?

प्रेषक: सचिव (एडिंबरो)

मंडळी, नमस्कार.

आपल्या मराठी मंडळींच्या जूनच्या मेळाव्यासाठी हॉल मिळाला. दुपारी जेवण, मग मुलांच्या शर्यती, चहा झाला की पत्ते. सहा टेबलं मांडता येतील. पत्त्यांचे नवे कॅट मी आणतो, जुन्यांतल्या दोन-तीन दुर्र्या नि एक किल्वर राणी गेल्या वर्षीच हरवली. पैसे लावून काही खेळायचं नाही, हे नेहमीसारखंच.

एक विनंती आहे. दर वर्षी पहिला डाव वाटून होतो आणि मग नियमांवरून वाद रंगतो, तोवर चहा थंड. यंदा तो वाद इथेच घालून घेऊ या. पहिला मुद्दा झब्बूचा. इस्पिक एक्क्याने उतारी झाली, म्हणजे तो पहिला पडला, आणि एखाद्याकडे इस्पिकच नसेल, तर त्याने पहिल्याच हाताला झब्बू द्यायचा (भलत्या रंगाचं पान टाकून एक्केवाल्याला ढीग उचलायला लावायचं) की नाही?

प्रेषक: काकू (ग्लासगो)

द्यायचा म्हणजे द्यायचाच! यात विचारायचं काय? सोलापूरला आमच्या वाड्यात मे महिन्याच्या सुट्टीत दुपारभर झब्बू चालायचा. एक्का ज्याच्याकडे आला त्याच्याकडे सगळे डोळे लावून बसायचे. पहिल्याच फटक्याला त्याने चार पानं उचलली की जो आरडाओरडा व्हायचा, त्याने आजोबांची वामकुक्षी मोडायची. तो हात माफ करून टाकलात तर मजा कुठे राहिली?

प्रेषक: आबा (न्यूकॅसल)

वहिनी, तुमचा वाडा भारी असेल, पण हा अन्याय आहे. पुढच्या प्रत्येक हाताला उतारी करणारा आपल्या मनाने पान निवडतो. एक्केवाल्याला ती मुभाच नाही, त्याने एक्काच टाकायचा. ज्याला निवडच नाही त्याला दंड कसला? आमच्याकडे नागपूरला पहिला हात माफ. इस्पिक नसेल त्याने हवं ते पान टाकावं, हात बाजूला सारावा, दुसऱ्या हातापासून झब्बू सुरू. माणसं कशी आनंदात खेळतात मग.

प्रेषक: काकू (ग्लासगो)

आबा, आणि त्या बिनइस्पिकवाल्याचं काय? तुमच्या नियमात त्याला बदाम राजा फुकटात बाहेर काढता येतो. झब्बूत मोठं पान हातात राहणं म्हणजे पुढे ढीग उचलणं, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? दंड माफ करता करता तुम्ही भलत्यालाच बक्षीस दिलंत!

प्रेषक: आबा (न्यूकॅसल)

हा मुद्दा बिनतोड आहे, मानलं. मग माझी दुरुस्ती: पहिल्या हाताला इस्पिक नसेल त्याने आपल्या हातातलं सगळ्यांत लहान पान टाकायचं. झालं समाधान?

प्रेषक: ताई (डंडी)

सगळ्यांत लहान पान कोणतं, हे तपासायला सगळ्यांचे पत्ते उघडून बघणार का आबा? :)

मला मुलांच्या टेबलाबद्दल बोलायचं आहे. आमच्या शेंडेफळाला आजीने गेल्या डिसेंबरात भिकार-सावकार शिकवला. तिला इथल्या शाळेतला ‘स्नॅप’ माहीत होता, त्यामुळे सारखं पान सारख्या पानावर आलं की ती टेबलावर हात आपटून ओरडायची. आजी शांतपणे सांगायची, ‘अगं, ओरडायचं नाही, ढीग उचलायचा.’ आता ती शाळेतही न ओरडता ढीग उचलते आणि तिथल्या मुलांना ते अजिबात पसंत नाही.

लहान मुलांना तेरा पानं हातात धरवत नाहीत, पंखा मिटतो नि निम्मी पानं मांडीवर. आजीची युक्ती सांगते: इस्पिक, बदाम, किल्वर, चौकट अशी काळी-लाल-काळी-लाल लावायची, म्हणजे बदाम नि चौकट शेजारी येत नाहीत आणि घाईत चुकीचं पान पडत नाही. डावा अंगठा खालच्या टोकाला, तळाशी, बाकीची बोटं मागे. एकदा जमलं की मूल मोठ्या टेबलावर बसायला मोकळं. तोवर मुलांसाठी गुलामचोर ठेवा, त्यात जोड्या लागत जातात तसतशी पानं कमीच होतात.

प्रेषक: ॲबरडीनकर

गुलामचोरात एक गुलाम काढायचा की तीन? आमच्याकडे तीन काढून एकच ठेवतात.

आणि बदाम सात विसरू नका. तिथे माझं स्पष्ट मत आहे: पान असताना ‘पास’ म्हणायचं नाही. गेल्या वर्षी कुणीतरी (नाव घेत नाही, पण ग्लासगोहून गाडी घेऊन आले होते) चौकट सत्ती शेवटपर्यंत दाबून ठेवली, आणि ती पडल्याशिवाय चौकटचं दुसरं पान लागत नाही. माझ्या हातात चौकटची पाच पानं कुजली. अट्टल अडवणूक!

प्रेषक: काकू (ग्लासगो)

आमच्या ह्यांचंच नाव घ्यायचं आहे ना, घे की रे. त्यांनी एकदाही खोटा पास म्हटला नाही. दर वेळी त्यांच्याकडे दुसरं लागणारं पान होतं, ते त्यांनी टाकलं. बदाम सातात अक्कल तेवढीच तर असते: कोणतं दार उघडायचं नि कोणतं बंद ठेवायचं. लागणारं पान असून पास म्हणणारा लबाड, हे मला मान्य. पण दोन पानं लागत असताना तुझ्या सोयीचं पान त्यांनी का टाकावं?

प्रेषक: ॲबरडीनकर

काकू, काकांनाही या ई-मेल यादीत लिहायला सांगा. वकील पाठवून खेळतात ते.

प्रेषक: आबा (न्यूकॅसल)

काकांचा विषय निघालाच आहे तर मेंढीकोटाचं बोलून घेऊ. चौघांचं टेबल, समोरासमोर भिडू, चारही दश्श्या घेतल्या की कोट. माझी मागणी एवढीच की काका-काकूंना भिडू म्हणून बसवू नका. या जोडप्याला एकमेकांची पानं पाठ असतात. काकांनी चष्मा काढून पुसला की हुकूम संपला, काकूंनी पदर सारखा केला की दश्शी त्यांच्याकडे. बंद हुकूम (हुकमाचा रंग झाकून ठेवून) खेळलो तरी तिसऱ्या हातापर्यंत दोघांनाही तो कळलेला असतो. मी नि माझ्या भिडूने त्यांच्यापुढे आजवर एकही कोट केलेला नाही, पण बघायला मात्र जाम मजा येते.

प्रेषक: आजोबा (इन्व्हर्नेस)

मंडळींनो, तुमच्या गजाली रोज वाचतो. आज एक बातमी देतो. धाकटा मुलगा गावी गेला होता, त्याने सावंतवाडीहून दशावतारी गंजिफा आणली आहे. मी ती मेळाव्याला घेऊन येईन.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: पानं गोल, हाताने रंगवलेली, वर लाखेची चकाकी. एकूण १२० पानं. रंग चार नव्हेत, दहा, प्रत्येक अवताराचा एक. रंगात बारा पानं: राजा, प्रधान, आणि एक ते दहा. मत्स्याच्या पंजीवर पाच मासे, कूर्माच्या छक्कीवर सहा कासवं, परशुरामाच्या तिर्रीवर तीन परशू. मुलांना अवतार पाठ करून घेण्याचा याहून गोड मार्ग मला ठाऊक नाही. ही पानं पिसता येत नाहीत. चादरीवर पालथी पसरून दोन्ही हातांनी कालवायची आणि मग वाटायची.

तिघांनी खेळायचा खेळ आहे, प्रत्येकी ४० पानं. पाच रंगांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी नि एक्का सर्वांत लहान, उरलेल्या पाचांत एक्का मोठा नि दश्शी लहान. हे डोक्यात बसायला एक संध्याकाळ जाते, पण बसलं की सोडवत नाही. एक काळ असा होता की ही पानं रंगवणारे हातच संपत आले होते. सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे नि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी म्हाताऱ्या चिताऱ्यांकडून ही कला शिकून घेतली, राजवाड्यातच कारागीर बसवले, म्हणून आज ती माझ्या हातात आहे. मला याचं फार अप्रूप आहे.

पहिली उतारी कुणाची, तर दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे आला त्याची. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची.

प्रेषक: ताई (डंडी)

आजोबा, किती सुंदर! मी शेंडेफळाला घेऊन तुमच्याच चादरीपाशी बसणार, दुसऱ्या कुणाला जागा देऊ नका.

प्रेषक: ॲबरडीनकर

आजोबा, शंका. जूनमध्ये आमच्याकडे रात्री दहा वाजून गेले तरी ऊन असतं. नऊ वाजता डाव मांडला तर राम की कृष्ण? घड्याळ बघायचं की खिडकी?

प्रेषक: आजोबा (इन्व्हर्नेस)

खिडकी. हा नियम ज्यांनी केला त्यांच्याकडे सूर्यच घड्याळ होता. उजेड आहे तोवर राम.

प्रेषक: आबा (न्यूकॅसल)

मग आपल्याकडे जूनमध्ये कृष्णाला उतारी मिळणं कठीण. त्यासाठी डिसेंबरात वेगळा मेळावा घ्या, तेव्हा दुपारी चारलाच त्याचं राज्य सुरू होतं.

प्रेषक: काकू (ग्लासगो)

डिसेंबरचा मेळावा मला पसंत आहे. गुळाच्या पोळ्या मी करते. आणि आबा, तेव्हा तुम्ही माझे भिडू. ह्यांना ॲबरडीनकराकडे बसवू, दोघं मिळून चौकट सत्ती दाबून बसतील.

प्रेषक: सचिव (एडिंबरो)

ठरलं ते लिहितो. झब्बूची दोन टेबलं: एकावर काकूंचा नियम, दुसऱ्यावर पहिला हात माफ, आबांची ‘लहान पाना’ची दुरुस्ती नाही. बदाम सातात लागणारं पान असून पास म्हणणाऱ्याचा डाव बाद. मुलांना गुलामचोर, मुलांनीच सांगावं एक गुलाम की तीन. मेंढीकोटाला भिडू चिठ्ठ्या टाकून. आजोबांच्या गंजिफेसाठी खिडकीजवळची जागा, नि ती चादर मी आणतो, धुतलेली.

हॉल दहाला बंद होतो आणि त्या शनिवारी सूर्य दहानंतर दोन-तीन मिनिटांनी मावळतो.

प्रेषक: आजोबा (इन्व्हर्नेस)

मग अकरापर्यंत मागून बघा ना. एक डाव तरी कृष्णाच्या उतारीने होऊ दे.

प्रेषक: सचिव (एडिंबरो)

मागितला. अकरापर्यंत मिळाला. भांडी घासायला कोण थांबतंय, तेवढं कळवा.