मदत हवी आहे: स्लिट असूनही चेतापेशी दूर जात नाहीत

पेशीवाटा
चौथ्यांदा तेच झालं. कोलॅजन जेलमध्ये एसव्हीझेडचा, म्हणजे मेंदूत नव्या चेतापेशी जिथे जन्मतात त्या भागाचा तुकडा, शेजारी स्लिट-२ (चेतापेशींना दूर ढकलणारं प्रथिन) बनवणाऱ्या एचईके पेशींचा (प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचा) गोळा. चेतापेशींनी गोळ्याकडे पाठ करून निघायला हवं, पण त्या चारही दिशांना सारख्याच पसरतात. शुक्रवारी गाइडना दाखवायचंय. काय चुकतंय? लवकर सांगा प्लीज.

सूक्ष्मदर्शी
कोणता प्राणी, किती दिवसांचा? तुकडा आणि गोळा यांत अंतर किती? फोटो किती तासांनी काढलेत? कंट्रोल (तुलनेसाठीचा प्रयोग) काय? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

पेशीवाटा
माऊसची पाच दिवसांची पिल्लं. कंट्रोलला स्लिट न बनवणाऱ्या साध्या एचईके. प्लाझ्मिडचं (स्लिटचा जीन पेशींत नेणाऱ्या डीएनएच्या वर्तुळाचं) सिक्वेन्सिंग झालंय, त्यात चूक नाही.

राधा_न्यूरो
गोळ्यांचा नाद सोड. मायक्रोफ्लुइडिक चिप (केसाएवढ्या नळ्यांतून द्रव वाहणारी चकती) घे आणि शुद्ध प्रथिन सोड, म्हणजे ग्रेडियंट (एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असा चढउतार) तुझ्या ताब्यात राहील. मी दोन वर्षं गोळ्यांत घालवली, मग चिपवर तीन महिन्यांत काम झालं.

सूक्ष्मदर्शी
शुक्रवारपर्यंत चिप कुठून आणणार? शिवाय चिपमध्ये प्रवाह असतो. पेशींना स्लिटने हटवलं की प्रवाहाने ढकललं, हे सिद्ध करायला आणखी कंट्रोल लागतात.

राधा_न्यूरो
प्रवाह तर मेंदूतही आहे! मेंदूतल्या पोकळ्यांना अस्तर असलेल्या एपेंडायमल पेशींच्या सिलियांमुळे (हलणाऱ्या केसांमुळे) मेंदूतलं पाणी वाहतं, ते पाणी बनवणाऱ्या कोरॉइड प्लेक्ससमधून निघणारं स्लिट त्याच दिशेने पसरतं आणि नव्या चेतापेशी त्या दिशेने घ्राणकंदाकडे (वास ओळखणाऱ्या भागाकडे) जातात. 2006 मध्ये हे प्रौढ माऊसमध्ये दाखवलं गेलं.

मेंदूमित्र
रीलिन हे प्रथिन पाहिलंत का? कॉर्टेक्सच्या (मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या) वरच्या थरातल्या काहाल-रेट्झियस पेशी ते सोडतात. ते नसेल तर कॉर्टेक्सचे थर जवळजवळ उलटे लागतात. ते नसलेल्या रीलर माऊसचं वर्णन 1951 चं आहे, जीन मात्र 1995 मध्ये सापडला. मला हा विषय फार आवडतो.

सूक्ष्मदर्शी
मेंदूमित्र, ते रेडियल ग्लियाच्या (आधार देणाऱ्या लांब पेशींच्या) धाग्यावरून वर चढणाऱ्या पेशींचं. यांच्या पेशी एकमेकींवरून साखळीने सरकतात. इथे प्रश्न स्लिट आणि रोबोचा (स्लिट ओळखणाऱ्या रिसेप्टरचा) आहे.

अवकाश७
मध्येच विचारतो. नेट्रिन हे दिशा दाखवणारं प्रथिन चेतापेशींना ओढतं की ढकलतं? पुस्तकात दोन्ही लिहिलंय, परवा परीक्षा आहे.

राधा_न्यूरो
दोन्ही बरोबर. ते पेशीवरच्या रिसेप्टरवर ठरतं. डीसीसी हा रिसेप्टर असेल तर सहसा ओढ, यूएनसी-५ हा दुसरा सोबत आला की माघार. पेशीतलं सायक्लिक एएमपी (संदेश पोचवणारा रेणू) कमी केलं तर ओढीचं माघारीत रूपांतर होतं, हेही 1997 मध्ये दिसलं. आता मूळ प्रश्नाकडे वळू या.

सूक्ष्मदर्शी
पेशीवाटा, प्लाझ्मिड बरोबर असणं वेगळं आणि प्रथिन पेशीबाहेर सुटणं वेगळं. पूर्ण लांबीचं स्लिट पेशीच्या पृष्ठभागावरच्या हेपरान सल्फेट या साखरेच्या साखळीला चिकटून बसतं. ते मीडियममध्ये (पेशी ज्यात वाढतात त्या द्रवात) आहे का, वेस्टर्न (प्रथिन ओळखायची चाचणी) केलंस का? आणि तुकडा कापताना सेप्टमचा (मेंदूत शेजारीच असलेला)भाग सोबत आला का? सेप्टम स्वतःच स्लिट सोडतं, मग तुझ्या गोळ्याविरुद्ध आतूनच दुसरा स्रोत उभा राहील.

पेशीवाटा
वेस्टर्न पेशींच्या लायसेटचं (फोडलेल्या पेशींच्या द्रावाचं) केलंय, मीडियमचं नाही. सेप्टम घेतलं नव्हतं, असं वाटतं. अंतर डोळ्यांच्या अंदाजाने ठेवलंय. मी पाहिलेले फोटो तीन दिवसांनंतरचे, कारण मध्ये सुट्टी होती.

सूक्ष्मदर्शी
तीन दिवस! हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. स्लिट नुसतं "आहे" एवढ्याने पेशीला दिशा कळत नाही, एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी असा फरक लागतो. एवढ्या वेळात जेलमध्ये तो फरक पुसला जाऊ शकतो. आणि प्रत्येक डिशमध्ये अंतर वेगळं असेल तर सगळ्यांची सरासरी काढून हाती काही लागणार नाही. 24 तासांचे फोटो आहेत का?

राधा_न्यूरो
हे मला मान्य. चारही चतुर्थांशांत पेशी वेगळ्या मोज, आणि त्या किती दूर गेल्या तेही. सगळीकडेच कमी पळाल्या असतील तर ती दिशा नाही, नुसती मंदावलेली हालचाल आहे.

पेशीवाटा
24 तासांचे फोटो आहेत, सहा डिशचे. मोजलेच नव्हते. आत्ता दोन मोजल्या. ज्या डिशमध्ये गोळा अगदी जवळ होता तिथे गोळ्याकडच्या बाजूला निम्म्याच पेशी आहेत, दुसरीत काही फरक नाही. मीडियमचं वेस्टर्न उद्या लावतो. मीठ जास्त घालून पेशी धुतल्या तर चिकटलेलं स्लिट सुटेल का?

सूक्ष्मदर्शी
सुटतं. ते धुतलेलं पाणीही सोबत लाव, आणि उरलेल्या चार डिश कंट्रोलबरोबरच मोज.