दुपारी सोलर बंद पडतंय, दोष कुणाचा?

औसेकर: मागच्या उन्हाळ्यात ३ किलोवॅट बसवलं, ७८ हजार सबसिडी आली, सगळं बेस. आता आमच्या डीपीवर (गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर) सहा घरं सोलरची झाली अन् दुपारी बाराला इन्व्हर्टर २५५ व्होल्ट दाखवून आपोआप बंद. लाईनमन म्हणतोय तुमच्याच सोलरनं व्होल्टेज चढतंय. आपण लाईनला वीज द्यायची अन् बोलणी बी आपणच खायची?

वायरमन_परभणी: लाईनमन बरोबर बोलला भाऊ. दुपारी गावात लोड काय, पंखे अन् चार फ्रीज. उरलेली वीज उलटी डीपीकडं जायची तर तुमच्याकडचं व्होल्टेज डीपीपेक्षा वर जाणारच, तार जितकी लांब अन् बारीक तितकं जास्त. पहिलं शेवटच्या घराला डिम लाईट असायची, आता दुपारी तिथंच सगळ्यात जास्त. डीपीचा टॅप, म्हंजी व्होल्टेज कमी-जास्त करायची खाच, खाली घेतला तर रात्री १८० वर येतंय, मग मोटारी जळल्या की परत आमच्याच नावानं बोंब.

कोरडवाहू: मग तार बदला की, सोलरला काहून नावं ठेवता? परळीचं थर्मल २०१५ मधी पाण्यावाचून बंद पडलं होतं, सोलरला पाणी लागतंय ते फक्त पुसायला. अन् ३१ जुलै २०१२ ला उत्तरेत, पूर्वेत कोट्यवधी लोक अंधारात गेले तेव्हा कुणाच्या पत्र्यावर सोलर होतं सांगा.

हर्ट्झवाला: २०१२ ला लाईनवर ओव्हरलोड होता, तो विषय वेगळा. टर्बाईनचं जड चाक फिरत असतंय म्हणून एखादा प्लांट पडला तरी फ्रिक्वेन्सी (विजेचा सेकंदाला ५० हेलकाव्यांचा, म्हंजी ५० हर्ट्झचा ठेका) जरा दमानं उतरते, छतावरच्या इन्व्हर्टरला असलं चाकच नाही. वरून सगळ्यांचं सेटिंग एकसारखं. जर्मनीत जुने इन्व्हर्टर फ्रिक्वेन्सी ५०.२ हर्ट्झला चढली की एकदमच लाईनवरून सुटणारे होते, एकाच क्षणी एवढी वीज गेली तर ग्रिड, म्हंजी सगळं वीजजाळं, कोसळंल म्हणून लाखो ठिकाणी सेटिंग बदलावं लागलं. एक सोलर म्हणजे मुंगी हो, पण सगळ्या एकदम पळाल्या तर?

कोरडवाहू: म्हणजे सेटिंगचा घोळ, सोलरचा नाही. मी तेच म्हणतोय.

वायरमन_परभणी: ते मोठं ग्रिड राहू द्या. औसेकर, सहाची सहा कनेक्शनं एकाच फेजवर तर नाहीत ना? आमच्याकडं तेच निघालं, तीन घरं दुसऱ्या फेजवर टाकली अन् ट्रिपिंग बरंच कमी झालं.

औसेकर: हे कुणी बघितलंच नाही राव! उद्या लाईनमनला खांबावर चढवतो.